सीवूड्सच्या पोटातलं गाव
(शताब्दी सोहळ्यात सीवूड्स येथे केलेले भाषण)

'आपलं गाव, काल आणि आज' यावर मला बोलायला सांगितलंय. कीर्तन माझा प्रांत नाही, त्यामुळे साधंच बोलतो.

नवी मुंबईच्या दक्षिण अंगाला, नेरूळ आणि बेलापूर यांच्यामध्ये हे आपलं छोटं, देखणं नगर. संध्याकाळी पामबीच रस्त्यापलीकडे खाडी सोन्यासारखी चमकते. तळ्यावर फ्लेमिंगो उतरले की मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन येतात. येऊ देत, पाहुणे आहेत. पण त्यातले काहीजण म्हणतात, "इथे पूर्वी काहीच नव्हतं, नुसता चिखल." तिथे माझं भांडण आहे.

इथे कारावे होतं, दारावे होतं. आणि चिखल म्हणता ती शेती होती. खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचे बांध, आणि बांधाला उघाडी. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरती आली की दार बंद. बांधाला एका ठिकाणी खांड पडली की खारं पाणी सगळ्यांच्या भातात. म्हणून रात्री हाक आली तरी घमेली घेऊन सगळे धावायचे. शेत कुणाचं हे विचारायची सोय नव्हती. दिंडीत पाऊल एका ठेक्यावर पडतं ना, ते शिक्षण मला वाटतं त्या बांधावरचंच.

उन्हाळ्यात मिठागरं. आगर पिकवणारा तो आगरी. पहिल्या पावसाला मीठ संपलं की भात, आणि तेवढ्यात आषाढी! लावणी आणि वारी एकाच वेळी येते, हे कोकणातल्या वारकऱ्याला सांगायला नको. खाऱ्या जमिनीत मोड आलेलं बी, म्हणजे रहू, टाकून वेळ वाचायचा. तरी घरातला एक शेताला, एक वारीला अशी वाटणी असायची. वाशीचा खाडीपूल झाला 1973 ला. त्याआधी मुंबईला जायचं तर होडी, पण आळंदीला जायला पुलाची गरज नव्हती. पनवेल, खोपोली, बोरघाट, पाय आपले.

17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, जासईच्या बाजूला, गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. त्यानंतर साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. जमीन एकराने गेली, परत आली ती चौरस मीटरने.

पण नुसतं रडगाणं गाणार नाही. रेल्वे आली, शाळा आल्या, दवाखाने आले. सातारा-सोलापूरकडची घाटावरची मंडळी शेजारी आली, आणि त्यांच्या खड्या आवाजाने आपल्या भजनाला बळ आलं, हे मान्य करायलाच हवं.

2024 च्या एप्रिलमध्ये तळ्याकाठी फ्लेमिंगो मेले. तळ्यात भरतीचं पाणी येण्याचा मार्ग अडला होता, असं पक्षिप्रेमी सांगत होते. उघाडीवर आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्याला हे सांगायला तज्ज्ञ लागला नसता. पाण्याची वाट बुजवली की काय होतं, ते त्याच्या हाताला ठाऊक. असे हात आता गावात फार थोडे उरलेत. त्यांच्याकडून शेतांची, बांधांची नावं या वर्षातच लिहून घ्या. कोण वहीत लिहितो, कोण मोबाईलवर बोलतं करतो, कसंही करा.

आता शेवटची गोष्ट, थोडी अडचणीची. यंदाच्या दिंडीच्या फलकावर नुसतं 'सीवूड्स' लिहावं, अशी सूचना आलीय. सुचवणारी पोरं आपलीच, मनात काही वाईट नाही. त्यांचं म्हणणं, लोकांना पत्ता लवकर कळतो. अरे बाबांनो, रेल्वेने स्टेशनाला सीवूड्स-दारावे म्हटलंय. परक्या रेल्वेला गावाची आठवण राहते आणि आपण पुसायचं? आळंदीच्या मुक्कामात आजही आपल्याला कारावेकर म्हणूनच हाक मारतात.

दोन्ही नावं लिहा. आधी गाव, मग सीवूड्स. कापड हातभर जास्त लागेल. त्याचे पैसे मी आजच विणेकरीबाबांकडे देऊन जातो.

रामकृष्ण हरी!