पुरुषांचे आरोग्य आणि आपला हक्क
(भोर येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



आरोग्य तपासणीची गाडी गावात येते तेव्हा बाया रांगेत असतात, म्हातारे ओट्यावर असतात आणि कर्ता पुरुष मात्र तेथे नसतो. आज मला बोलावयाचे आहे ते त्या न आलेल्या पुरुषाविषयी.

तो का येत नाही? हिर्डोशी, भुतोंडे, केळद या डोंगरपट्ट्यांतून आपली माणसे शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली राबतात. गाडी भर दुपारी येते. एक खाडा पडला की एका दिवसाची मजुरी बुडते. याला मी आळस म्हणणार नाही. परंतु रविवारी घरी असतानाही हाच गृहस्थ म्हणतो, "मला काय धाड भरली आहे?" हे मात्र मला मान्य नाही.

रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांवरील दर 100 पुरुषांत सुमारे 24 जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला. स्त्रियांत हेच प्रमाण 21 होते. त्याच पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात दर तीन पुरुषांत एक तंबाखू सेवन करतो. 140/90 च्या वर वारंवार गेलेला दाब हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी करतो. गोळी सुरू केली, चार आठवड्यांत बरे वाटले, आणि गोळी सोडली, असे करणारे पुष्कळ आहेत. बरे वाटते ते गोळीमुळे! डॉक्टरांनी सांगितल्यावाचून ती सोडावयाची नसते. आणि भगिनींनो, त्याची गोळी आणावयास दर महिन्यास तुम्ही का जावे? त्याचे पाय धड आहेत.

कोणी म्हणतो, नशिबात असेल ते होईल. हे बोलणे आपण सोडून आलेल्या घरातले आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने आपल्या हातांनी धुतले, आणि इतर भिक्खूंनी त्याची सेवा का केली नाही, याचा जाब त्यांना विचारला. पूर्वजन्मीचे पाप म्हणून त्यांनी त्याला सोडून दिले नाही. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षा दिल्यानंतर दोन महिन्यांच्या आत आपण त्यांना मुकलो. दारू न पिण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहे, हे येथे वेगळे सांगावयास नको. पण डॉक्टर विचारतील या भीतीने जो तपासणी चुकवितो, त्याने ती एकदा पुन्हा वाचावी.

आता कायद्याचे. संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या हक्काचा भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. 17 सप्टेंबर 2023 रोजी राज्य शासनाने 18 वर्षांवरील पुरुषांच्या तपासणीची खास मोहीम सुरू केली, तीही याच कर्तव्यापोटी. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेप्रमाणे ठरविलेल्या वयाच्या कामगाराची दरवर्षी तपासणी मालकाने स्वतःच्या खर्चाने करावयाची आहे. केंद्र सरकारने हे वय 40 असे जाहीर केले आहे. म्हणजे तपासणी हे कोणाचे उपकार नव्हेत. तिचा कागद जपून ठेवा. कर्ता पुरुष गेल्यावर विधवा वकिलाकडे येते, आणि तिच्या पिशवीत आजाराचा एकही पुरावा नसतो.

तेव्हा प्रत्येक विहार समितीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा: गाडी रविवारी, किंवा सायंकाळी सहानंतर, विहाराच्या पटांगणात यावी. 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली, म्हणून अर्जावर दोन्ही नावे लिहावीत; नाहीतर एखादा कारकून तेवढ्यावरच कागद परत करावयाचा! अर्जाखाली आधी पुरुषांच्या सह्या घ्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.