तपोवनाच्या गावी आपले स्वागत

व्यासपीठावरील मान्यवर, अकोल्याहून आणि दूरदूरहून आलेले डॉक्टर, प्राध्यापक व औषधविक्रेते बंधू-भगिनींनो,

अंबानगरी अमरावतीत आपले मनःपूर्वक स्वागत. १८९७ साली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. त्याच शहरात पाहुण्यांसमोर उभे राहण्याचा मान मला मिळाला, हे माझे भाग्य समजतो. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, भाऊसाहेब पंजाबरावांची शिवाजी शिक्षण संस्था, गाडगेबाबांची समाधी... सांगत बसलो तर पहिले सत्र यातच जाईल. पण तपोवनाबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

१९४६ साली डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. घरच्यांनी ज्यांना ओट्यावरही बसू दिले नाही, त्यांच्या हाताला दाजीसाहेबांनी काम दिले, मान दिला. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज आमच्याच कॉलेजांतल्या पोरांना दाजीसाहेब कोण हे सांगावे लागते, याचे फार वाईट वाटते. उद्या दुपारी तपोवनासाठी गाडी ठेवली आहे; कृपा करून जाच.

लघवीचा संसर्ग या आपल्या परिषदेच्या विषयाशीही कुष्ठरोगाचा संबंध आहे. कुष्ठरोगावर जगभर कित्येक वर्षे डॅप्सोन या एकाच औषधावर भिस्त होती. जंतू त्याला दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने एकाच वेळी अनेक औषधे द्यायला सांगितले. लघवीच्या संसर्गात आज तीच पाळी आली आहे. खारपाणपट्ट्यातली बाई दिवसभर वावरात राबते आणि आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पिते. लघवीला जळजळ होऊन उन्हाळी लागली की आधी धन्या-जिऱ्याचे पाणी, मग शेजारणीला मागे लागू पडलेली गोळी मेडिकलवरून. तोवर ई. कोलाय या जंतूने ते औषध निकामी करणारी विकरे बनवायला सुरुवात केलेली असते, आणि ही विद्या तो दुसऱ्या जंतूंनाही देतो. तालुक्याच्या गावी लघवीचे कल्चर परवडेल अशा दरात व्हावे, एवढे तरी या परिषदेने ठामपणे मागावे.

काल रात्री बडनेऱ्याला उतरलेल्या काही पाहुण्यांना गाडीची वाट पाहावी लागली, त्यांची हात जोडून माफी मागतो. मागच्या रांगांना आवाज नीट पोचत नाही; माणूस कामाला लागला आहे. वसतिगृहात कूलर कमी पडले, तेही आजच येतील. पिण्याचे पाणी प्रत्येक दाराशी आहे, महिलांच्या स्वच्छतागृहांची व्यवस्था मी स्वतः पाहिली आहे.

सभागृह विनामूल्य देणारी संस्था, जेवणाचा खर्च उचलणारे कापूस व्यापारी, पिशव्या देणारे औषधविक्रेते, नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी रक्कम देणाऱ्या एक आजी, आणि पहाटेपासून रोडगे भाजणाऱ्या बचत गटाच्या ताई, या सर्वांचा मी ऋणी आहे. दुपारी गिलावडाही आहे.

उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.