सांध्यांतला गंज



प्रयोगशाळेतल्या त्या तीन परीक्षानळ्या आठवतात? प्रत्येकीत एक खिळा. कोरड्या हवेतला तसाच राहिला, उकळून तेलाचा थर दिलेल्या पाण्यातलाही तसाच राहिला. हवा आणि पाणी दोन्ही मिळालेला मात्र गंजला. सांधेदुखीचे रुग्ण तपासताना मला तो खिळा नेहमी आठवतो.

आमवातात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी जहाल रसायने तयार करतात. एरवी ती जंतू मारतात. इथे सांध्यातली कूर्चा आणि वंगण खराब करतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

"मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेऊ का?" आज चहाच्या वेळी मला हेच विचारलं गेलं. उत्तर तितकं सोपं नाही. 2003 साली स्वीडनमधील संशोधकांना उंदरांत उलटंच दिसलं: ज्यांच्या पेशी ही रसायने कमी बनवत, त्यांचा संधिवात जास्त तीव्र होता. म्हणजे हीच रसायने प्रतिकारशक्तीला आवरही घालतात. फळं-भाज्या जरूर खा. पण डब्यातलं चूर्ण हा आमवाताचा उपचार नव्हे.

माझ्याकडे एक बाई आल्या, त्या दोन वर्षं चूर्णावर काढून. पोळी लाटता येईना, तेव्हा आल्या. दुखणं आटोक्यात आलं, वाकलेली बोटं सरळ झाली नाहीत.

म्हणून सांगतो. सकाळी बोटं तासभर आखडत असतील, पेरं सुजत असतील आणि हे काही आठवडे चाललं असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. अँटी-सीसीपीची रक्ततपासणी सुचवली तर टाळू नका. मेथोट्रेक्सेट दिलं तर घाबरू नका. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज कधीही नाही. आणि मित्रांनो, सिगारेट सोडा. धुराने फुफ्फुसातली प्रथिने बदलतात आणि शरीर त्यांनाच परकं समजू लागतं.

प्रयोगवहीत निष्कर्ष लिहिल्याशिवाय सर सही करत नसत. तर सर, आजचा निष्कर्ष: गंजलेला खिळा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, पण वेळेवर उपचार केले, तर सांधा वाचवता येतो.

सही द्याल ना?