गोळी बंद करायची कोणी?



चुकीचं औषध म्हटलं की आपल्याला बोगस डॉक्टर आठवतो, किंवा ताप आला की सलाइन लावणारा दवाखाना. त्यांच्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. आज मी बोलणार आहे ते शिकलेल्या, सज्जन डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांबद्दल. त्यातली एकेक गोळी सुटी पाहिली तर ती बरोबरच वाटते. घोटाळा सगळ्या गोळ्या एकत्र आल्यावर होतो.

एक आजी धरू. वय पंच्याहत्तरच्या आसपास. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन सुरू झालं, दाब आटोक्यात आला, पण काही आठवड्यांत घोटे सुजले. ही सूज त्या गोळीचीच असते. गोळीने बारीक रोहिण्या सैल होतात, पुढच्या केशवाहिन्यांवर भार येतो आणि पाणी बाहेर झिरपतं. डोस कमी करावा किंवा गोळी बदलावी, हा सरळ उपाय. पण आजी सुनेबरोबर दुसऱ्याच डॉक्टरांकडे जातात आणि लघवी वाढवणारी गोळी घेऊन येतात. सूज फारशी उतरत नाही. सोडियम मात्र उतरतं. उठून उभं राहिलं की दाब पडतो, डोकं गरगरतं. चक्कर म्हटलं की आपल्याकडे प्रोक्लोरपेराझिन नाहीतर सिनारिझिन ठरलेलं. ही दोन्ही औषधं मेंदूत डोपामिनचं काम अडवतात. ती महिनोन्‌महिने चालू राहिली, की आजींचा हात थरथरायला लागतो, पावलं घासत पडतात, चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात. आता मेंदूचे डॉक्टर. तिथे आधीच्या गोळ्यांची चौकशी झाली नाही, तर फाइलवर 'पार्किन्सन' लिहिलं जातं आणि लेव्होडोपा सुरू होतं. त्याने मळमळतं. मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे पुन्हा डोपामिन अडवणारंच औषध!

यात कुणी फसवलं नाही, कुणी निष्काळजीपणाही केला असं म्हणवत नाही. प्रत्येकाने समोरच्या लक्षणावर औषध दिलं. ते लक्षण आधीच्या गोळीतून आलं असेल, हा प्रश्न तेवढा कुणी विचारला नाही. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी १९९७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नेमकी ही साखळी मांडली. औषधामुळे आलेलं थरथरणं बहुतेकदा औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतं. म्हणजे आजींना आणखी एका गोळीची नव्हे, एक गोळी काढून घेण्याची गरज होती.

आपल्याकडे या साखळीत एक खास भर आहे. तुमच्या घरातली पित्ताची कॅप्सूल उलटी करून पाहा. राबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलच्या पुढे 'लेव्होसल्पिराइड' असं छापलेलं असेल, तर तेही डोपामिन अडवणारंच औषध आहे. लोक ते 'पित्ताची गोळी' म्हणून वर्षानुवर्षं घेतात. "दुसरी काही औषधं?" असं विचारलं की "नाही" म्हणतात, कारण पित्ताची गोळी हे औषध आहे असं कुणाच्या मनातच नसतं. दोन-तीन औषधं एकाच गोळीत कोंबण्याची आपल्या बाजाराला भारी हौस. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. तरी दुकानाचं कपाट काही रिकामं झालं नाही.

वृद्धांसाठी कोणती औषधं टाळावीत याच्या याद्या आहेत. अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये पहिली केली. ती आजही सुधारली जाते. २००८ मध्ये आयर्लंडमधून 'स्टॉप' आणि 'स्टार्ट' अशी जोडयादी आली. झोपेच्या गोळ्या, ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर धोकादायकरीत्या खाली नेणारी गोळी, किडनी थकलेली असताना दिलेली वेदनाशामकं, हे सगळं टाळायच्या याद्यांत आहे. 'स्टार्ट' मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण द्यायला हवं होतं पण वयाकडे पाहून दिलं नाही, तेही अयोग्यच, असं ती बजावते.

पण यादीने काम भागत नाही. हृदयाचे डॉक्टर हाडांच्या डॉक्टरांची गोळी बंद करत नाहीत, आणि उलटही नाही. त्याला आपण सौजन्य म्हणतो. माझ्या मते ती जबाबदारीची टाळाटाळ आहे. घरच्या डॉक्टरांना पूर्वी सगळं ठाऊक असायचं. आता सगळं ठाऊक असलेली एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे औषधांची पिशवी. तीच घेऊन जा. आयुर्वेदिक काढा, शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी, डोळ्यांचे थेंब, सगळं तिच्यात टाका आणि एकाच डॉक्टरांना वर्षातून एकदा तरी विचारा: यातलं काय आता नको?

डॉक्टरांकडूनही दोन गोष्टी मागा. गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत, हे चिठ्ठीवर लिहून द्या म्हणावं. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर रक्तपेशी कोसळतात, जीवही जातो. 'दर रविवारी' असे दोन शब्द हा धोका बराच कमी करतात. औषधविक्रेत्याने रुग्णाला समजावून सांगणं हे तर २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत त्याचं कामच आहे. अनेक दुकानांत मात्र फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि गोळ्या देतो दुसराच कुणीतरी.

आता एक धोक्याची सूचना, कारण व्याख्यानानंतर घरी जाऊन कुणी कपाट साफ करायला घेतं. झोपेच्या, फिटच्या आणि स्टिरॉइडच्या गोळ्या, हृदयासाठीचं मेटोप्रोलोलसारखं औषध, स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी, यांतलं काहीही आपल्या मनाने एकदम थांबवू नका. पित्ताची जुनी गोळी अचानक सोडली तरी काही दिवस जळजळ उसळते, आणि माणूस 'मला ती लागतेच' असं समजून परत सुरू करतो. डॉक्टरांशी ठरवून, एका वेळी एकच गोळी, हळूहळू कमी करत न्यायची. कॅलेंडरवर तारीख टाकायची, पुढचे काही आठवडे काय वाटलं ते त्याच पानावर लिहायचं, आणि मगच पुढच्या गोळीकडे वळायचं.