न्हाणीघरातील इंधनाची बचत

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



इंधनाच्या बचतीचा विषय निघाला की आपण स्वयंपाकघराचा विचार करतो, न्हाणीघराकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु आंघोळीच्या पाण्यालाही रोज भरपूर सरपण लागते. सरपण कमी पडले की गोवऱ्या लावल्या जातात, आणि गोवरी जळते तेव्हा शेतात जाणारे खत जळते. शेणातील नत्र धुराबरोबर निघून जाते, हाती फक्त राख उरते. पीक उत्पादन हा माझा विषय असूनही आज न्हाणीघराविषयी बोलतो आहे, ते यासाठीच.

प्रथम हिशेब पाहू. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. पाच माणसांना प्रत्येकी २० लिटर, म्हणजे १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवावयाचे तर २,००० किलोकॅलरी लागतात. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी असतात, पण तीन दगडांच्या चुलीवर त्यातील जेमतेम दहावा हिस्सा पाण्याला मिळतो. म्हणजे रोज ५ ते ६ किलो लाकूड झाले. वर्षातले ३०० दिवस धरले तरी किमान १५ क्विंटल!

यात बचत कशी करावी?

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. हिवाळ्यात गच्चीवरच्या टाकीतील पाणी रात्रभर गार होते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मात्र पहाटे कोमट असते. टाकीतील पाणी १५ अंश आणि बोअरचे २५ अंश असेल, तर ४० अंशांपर्यंत नेताना बोअरच्या पाण्याला ४० टक्के उष्णता कमी लागते. म्हणून शक्य तेथे ताजे उपसलेले पाणीच तापवावे. शेतातून आल्यावर संध्याकाळी आंघोळ करणाऱ्यांनी दिवसभर उन्हात तापलेले टाकीतील पाणी वापरावे.

दुसरे, उघड्या चुलीऐवजी बंब वापरावा. बंबात विस्तवाची नळी पाण्याच्या मधून जाते, त्यामुळे उष्णता कमी वाया जाते. तुराट्या, पऱ्हाट्या चांगल्या वाळवून, तुकडे करून घालाव्यात. झाकण ठेवावे, राख रोज काढावी. आत साचलेला क्षाराचा थर वेळोवेळी काढावा, कारण थरामुळे पाणी उशिरा तापते. बंब बंद न्हाणीघरात कधीही पेटवू नये. कोंडलेल्या धुरातील विषारी वायूने जीव जाऊ शकतो. गॅस गिझरलाही हेच लागू आहे.

तिसरे, विजेवर हेच पाणी तापविण्यास सुमारे अडीच युनिट लागतात. गिझर ५० अंशांवर ठेवावा व काम होताच बंद करावा. पाण्यात सोडण्याचा हीटर वापरताना बटन बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. अर्थिंग तपासून घ्यावे. ६० वॉटच्या बल्बऐवजी ९ वॉटचा एलईडी दिवा लावला तरी उजेड तेवढाच पडतो.

चौथे, ऐपत असल्यास सौर बंब बसवावा. चार-पाच माणसांना १०० लिटरचा पुरतो. त्याचे तोंड दक्षिणेकडे असावे, त्यावर झाडाची सावली पडू नये. नळ न्हाणीघरापर्यंत आखूड ठेवून त्यावर उष्णतारोधक आवरण घालावे. पाणी क्षारयुक्त असल्यास काचेच्या नळ्यांचा प्रकार निवडावा. तो साफ करणे सोपे जाते.

पाचवे, जनावरे पुरेशी असतील तर बायोगॅस संयंत्राचा विचार करावा. वर सांगितलेल्या १०० लिटर पाण्यास पाऊण ते एक घनमीटर गॅस लागतो. स्वयंपाकाला २ घनमीटर लागत असेल, तर ३ घनमीटरचे संयंत्र घ्यावे. त्याला रोज सुमारे ७५ किलो शेण, म्हणजे सात-आठ मोठी जनावरे हवीत. येथे गॅस मिळूनही शेणातील नत्र वाया जात नाही, ते स्लरीत राहते व पिकाला मिळते. जनावरे कमी असल्यास हा खर्च करू नये.

बंधू-भगिनींनो, सर्व उपाय एकाच वेळी करावयास हवेत असे नाही. उद्या सकाळी ताजे पाणी आणि वाळलेले सरपण, एवढ्यापासून सुरुवात करावी. आणि गोवऱ्या थापण्यापूर्वी ते शेण उकिरड्यात टाकता येईल का, याचा जरूर विचार करावा.