आपत्काली ईश्वराचा आश्रय



संकटकाळी मनुष्याला देवाची आठवण होते, या गोष्टीचा पुष्कळदा उपहास केला जातो. सुखाच्या दिवसांत देव्हाऱ्याकडे ढुंकूनही न पाहणारा गृहस्थ दुःखात नवस बोलू लागतो, हे खरे आहे. परंतु बुडणाऱ्याने हात वर केला तर त्यात हसण्यासारखे काय आहे? विचार करण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. आपत्तीत देवाला शरण जावयाचे, म्हणजे नेमके काय करावयाचे?

मोठा अनर्थ कोसळला की प्रथम मनात येतो तो शिक्षेचा विचार. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल झालेला ईश्वरी दंड होय, असे महात्मा गांधींनी म्हटले. अस्पृश्यतेचा तितकाच तिटकारा असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी या विचारास जाहीर विरोध केला. निसर्गातील घटनांची कारणे निसर्गातच शोधावीत, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला टागोरांचेच मत ग्राह्य वाटते.

आपल्या महाराष्ट्रातील किल्लारीचेच उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन लोक घरी येऊन निजले आणि पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीच्या धाब्याचा भार त्यांच्या अंगावर आला. आईच्या कुशीत निजलेल्या तान्ह्या लेकराने कोणते पाप केले होते? ज्याचे घर उद्ध्वस्त झाले आहे, त्याच्यापुढे उभे राहून ‘देवाची इच्छा’ असे म्हणणे सोपे असते. पण त्या बोलण्याने त्याचे दुःख हलके होत नाही, उलट त्यावर अपराधाचे ओझे मात्र चढते.

मग भक्ताला आधार कशाचा? याचे उत्तर शब्दांपेक्षा संतांच्या आचरणात अधिक स्पष्टपणे सापडते. इ. स. १६३०च्या आसपास दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, पत बुडाली, आणि प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. एवढ्या आघातानंतर या पुरुषाने काय केले? गावातील विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते त्यांनी दुरुस्त करावयास घेतले. आणि परंपरा सांगते की, लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या खतांपैकी आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. देवाच्या पायांशी मन स्थिर झाले, तेव्हा ज्यांच्याकडून घ्यावयाचे होते ते कर्जदारही आपल्यासारखेच गांजलेले आहेत, हे त्यांना दिसले. दुःखाने मनुष्य स्वतःपुरता आक्रसून जातो; खऱ्या शरणागतीने तो पुन्हा विस्तारतो.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारे भुकेलेल्यांसाठी खुली केली. स्वतःच्या प्राणांवर बेतेल हे त्यांना ठाऊक होते. पुढे बेदरच्या दरबारी धान्याचे मोल भरावयास प्रत्यक्ष पांडुरंग गेला, असे कथा सांगते. पण तो कोणत्या रूपाने गेला? विठू महाराच्या! ज्याला त्या काळच्या समाजाने वेशीबाहेर ठेवले होते, त्याचेच रूप देवाने घेतले. ही कथा सांगणाऱ्यांनी आपणा सर्वांसाठी त्यात केवढी मोठी शिकवण ठेवली आहे!

म्हणूनच या व्यासपीठावरून एक विनंती करावीशी वाटते. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी आपल्या माणसांना शिक्षणात, आजारपणात, अडीअडचणीत हात दिला, हे भूषणावह आहे. परंतु पूर, भूकंप वा महामारी दाराशी आली, म्हणजे मदतीच्या यादीत प्रथम आडनावे पाहण्याची आपली सवय आपण सोडली पाहिजे. देव कोणाच्या रूपाने दारी उभा राहील, हे यादी करणाऱ्यास कसे कळावे?

प्रार्थनेने भिंती उभ्या राहत नाहीत आणि गेलेली माणसे परत येत नाहीत. ‘हे का घडले?’ हा आईचा प्रश्नही कित्येकदा अनुत्तरितच राहतो. परंतु तो प्रश्न जिच्यापुढे निःसंकोचपणे मांडता येतो, रागावता येते, रडता येते, अशी एक जागा मनुष्याला हवी असते. तीच ईश्वराची जागा होय. तेथे मन मोकळे करून उठणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचे अश्रू पुसण्याचे बळ आले, तर त्याची प्रार्थना पोहोचली असे मी समजतो.

सर्वांच्या ठिकाणी ते बळ जागे राहो, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.