संगणकात जन्मलेले साहित्य



आम्ही कला शाखेचे पदवीधर. नोकरी बँकेच्या काउंटरवरची. दिवसभर संगणकासमोर बसायचे आणि रात्री पुस्तक उघडायचे. संगणक पोटासाठी, पुस्तक मनासाठी, अशी आम्ही सरळ वाटणी करून टाकली होती. ती एका अमेरिकन कथेने मोडली.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मोबाईलवर वाचली तरी कादंबरी ही कादंबरीच राहते. पुन्हा कागदावर छापली तर तिचे काही बिघडत नाही. जे कागदावर उतरवताच मोडते, त्याला आम्ही इलेक्ट्रॉनिक साहित्य म्हणतो.

मायकेल जॉइस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ ही ती कथा. १९८७ साली ती प्रथम लोकांसमोर आली आणि १९९० साली ईस्टगेट सिस्टिम्सने प्रकाशित केली. पीटर नावाच्या माणसाने सकाळी रस्त्यात एक अपघात पाहिलेला असतो. त्यात आपला मुलगा आणि त्याची आई तर नव्हती ना, ही शंका त्याला दिवसभर छळते. कथेचे ५३९ तुकडे, त्यांना जोडणारे ९५१ दुवे. एखाद्या शब्दावर टिचकी मारली की दुसराच तुकडा समोर येतो. पण कोणत्या शब्दाखाली वाट आहे, याची खूण कुठेच नाही. काही वाटा तर आधी ठरावीक तुकडे वाचल्याशिवाय उघडतच नाहीत. पीटर सत्याच्या जवळ जायला भितो आणि आपणही त्याच्याबरोबर आडवाटेने फिरत राहतो. इथे आम्ही थबकलो. माणसाच्या मनाची टाळाटाळ लेखकाने वर्णन करून सांगितलेली नाही, ती वाचकाच्या हाताला लावली आहे! मात्र मध्येच दिशा हरवते, कंटाळाही येतो, हे कबूल केले पाहिजे.

१९९५ सालची शेली जॅक्सन यांची ‘पॅचवर्क गर्ल’ आम्हांला अधिक भावली. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये अर्धवट घडवून नष्ट केलेली स्त्री इथे पूर्ण होते. तिचे अवयव निरनिराळ्या माणसांचे, आणि अवयवागणिक मूळ मालकाची कहाणी.

पण या साहित्याचे आयुष्य यंत्राच्या हाती असते. आमच्या शाखेत कपाट आवरताना जुन्या फ्लॉपी निघाल्या. त्या लावायला यंत्रच नव्हते. त्याच कपाटातले वाळवी लागलेले लेजर मात्र आम्ही घडाघडा वाचले. साहित्यातही तेच घडले. फ्लॅश या प्रणालीवर कित्येक कविता-कथा रचल्या गेल्या होत्या. ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी तिचा आधार काढून घेतला आणि त्या एरवीच्या ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. डीन ग्रिगर या अमेरिकन प्राध्यापिकेने जुने संगणक चालू स्थितीत जपून ठेवले आहेत. स्टुअर्ट मूलथ्रॉप यांच्यासह त्यांनी जुन्या कृती मूळ यंत्रावर वाचून घेतल्या व त्या वाचनाचे चित्रीकरण केले. शेली जॅक्सनही त्यात आपली कृती स्वतः वाचतात.

इलेक्ट्रॉनिक लिटरेचर ऑर्गनायझेशन या संस्थेने २००६ सालापासून अशा कृतींचे संग्रह विनामूल्य खुले केले आहेत. विद्यार्थ्यांनी रविवारी सकाळी आमच्या घरी यावे. संगणक आहे, चहा मिळेल. इंग्रजी अडले तर शब्दकोश घेऊन आम्ही शेजारी बसू. टिचकी मात्र तुम्ही मारायची.